लिब्रेऑफिस रायटर: मराठी लिहिणाऱ्यासाठी कसा आहे?
ओपनऑफिसमधून २०१० साली वेगळा झालेला लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाच्या प्रणालींचा संच मोफत आहे, म्हणून अनेक जण त्याला दुय्यम समजतात; परंतु पत्रे, अहवाल आणि लेख एवढेच लिहायचे असेल, तर त्यातील रायटर ही लेखनाची प्रणाली विकतच्या प्रणालीच्या तोडीस तोड आहे, असे माझे मत आहे. मराठी लिहिणारा मात्र सुरुवातीला चक्रावतो. रायटर रोमन आणि देवनागरी मजकुराचे फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे नोंदवतो. त्यामुळे परिच्छेदाच्या शैलीत (म्हणजे फॉन्ट, आकार वगैरेंच्या साठवलेल्या मांडणीत) देवनागरीचा आकार १४ केला, तरी त्याच ओळीतील रोमन शब्द १२चाच राहतो आणि ओळ बेढब दिसते. दोन्ही आकार शैलीत एकदाच ठरवून घेतले की ही कटकट मिटते. पुढे हाच वेगळेपणा उपयोगी पडतो, कारण देवनागरीचे बरेच फॉन्ट त्याच आकारात रोमनपेक्षा लहान दिसतात. पीडीएफ थेट तयार होते, हीही सोय आहेच. वर्डमधील गुंतागुंतीची कोष्टके येथे उघडताना कधी कधी विस्कटतात; त्यामुळे ज्यांच्या कचेरीत अशा फायलींची रोजची देवाणघेवाण चालते, त्यांनी आपल्या दोन-चार फायली आधी उघडून पाहाव्यात आणि मगच निर्णय घ्यावा.