संवेदनशील मुलासाठी इअरमफ : ठाण्यात आठ महिने वापरल्यावर

जून ते जानेवारी एवढ्या काळात ठाण्यातले सगळे आवाज या वस्तूने सोसले. शाळेचे पहिले दिवस, दहीहंडी, गणपती, टेंभीनाक्याची नवरात्र, दिवाळीचे फटाके आणि शेवटी शाळेचं स्नेहसंमेलन. वस्तू साधीच आहे. डोक्यावरून जाणारी पट्टी, दोन प्लॅस्टिकच्या वाट्या, वाट्यांत स्पंज आणि कडेला मऊ गादी. बॅटरी नाही, गाणी वाजत नाहीत. पहिली ते चौथीतली जी मुलं कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कान झाकून बसतात, वर्गात बाई दुसऱ्या कोणावर ओरडल्या तरी ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांच्या आईबाबांना याचा उपयोग आहे. आमचं मत, हे इअरमफ घ्यावं असंच आहे. मात्र दिवसभर चढवून ठेवायची ही वस्तू नव्हे, आणि ती कधी लावायची, कधी काढायची हे मुलाच्या हातात असलं तरच ती चालते.

पाकिटावर एसएनआर २७ असं छापलेलं होतं. आवाज किती डेसिबलने कमी होतो ते सांगणारा हा युरोपच्या ईएन ३५२ मानकातला आकडा. अमेरिकी मालावर एनआरआर असतो आणि तो त्याच वस्तूसाठी कमी दिसतो, त्यामुळे एकाचा एसएनआर आणि दुसऱ्याचा एनआरआर शेजारी ठेवून तुलना करू नका. २७ म्हणजे कागदावर १०० डेसिबलचे ७३. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, कारण गादी आणि त्वचा यांच्यात जरा फट राहिली की आवाज तिथून आत शिरतो. चष्म्याची जाड काडी, कानावरून घेतलेली वेणी, कुडी, केसांची क्लिप, सगळ्यांची फट पडते. केस मागे घेऊन, कान पूर्ण वाटीत बसवून मग पट्टी खाली-वर करायची. चष्मा असेल तर बारीक काडीची फ्रेम बरी.

याच पाकिटावर एच, एम, एल अशी तीन अक्षरं आणि त्यांचे आकडे असतात. म्हणजे उंच पट्टीतला, मधल्या पट्टीतला आणि खर्जातला आवाज किती अडतो ते. यातला एल सगळ्यात लहान असतो, आणि ठाण्यात नेमका तोच महत्त्वाचा. मिरवणुकीत ताशाची कडकड, शिट्ट्या, झांजा छान दबतात. ढोलाचा ठोका आणि डीजेची धडधड येतच राहते. ती कानाइतकीच छातीतूनही जाणवते, तिच्यावर कुठलाही इअरमफ पुरा पडत नाही. हे मुलाला आधी सांगितलं नाही तर ‘हे चालत नाही’ म्हणून ते पहिल्याच दिवशी काढून टाकतं आणि पुन्हा हात लावत नाही. ‘टकटक कमी होईल, धडधड राहील’ एवढं वाक्य पुरतं.

त्या धडधडीवर उपाय अंतराचा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पथकापासून १० मीटरवर उभं राहण्याऐवजी ४० मीटरवर गेलं की १२ डेसिबल गेले. तलावपाळीच्या मोकळ्या काठावर हे गणित बऱ्यापैकी जमतं. नौपाड्यातल्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटत राहतो, तिथे नाही जमत. गल्लीतून मिरवणूक येणार असेल तर ती पोचण्याआधी कोपरा वळून आडव्या रस्त्याला जावं. नाट्यगृहात, सभागृहात स्पीकरसमोरच्या रांगा टाळून मागच्या बाजूला, बाहेर पडायच्या वाटेलगत बसावं.

सवय लावायला दोन आठवडे धरा. पहिले तीन-चार दिवस शांत खोलीत पाच मिनिटं, चित्र काढताना. मग स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना, आणि मिक्सरचं बटण मुलाच्या हातात. आवाज कधी येणार हे ठाऊक असलं की अर्धी भीती तिथेच जाते. मिक्सर स्वतः चालू-बंद करणारं मूल काही दिवसांनी इअरमफ न लावताही उभं राहू शकतं. त्यानंतर घराबाहेर. एक हाताची खूण ठरवून ठेवा, गर्दीत बोलणं ऐकू येत नाही. एका वेळी वीस ते तीस मिनिटं, मग काढून दहा मिनिटं कान मोकळे. ही मर्यादा आम्ही काटेकोर पाळली, कारण कान सतत झाकून ठेवले की साधे आवाजही जास्त टोचायला लागतात. घरातल्या रोजच्या आवाजांसाठी, टीव्ही किंवा धाकट्या भावंडाच्या दंग्यासाठी ते लावू देऊ नये. तिथे टीव्हीचा आवाज कमी करणं हे आपलं काम.

शाळेचं प्रकरण वेगळं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. पण आतली घंटा, कवायतीचा लाउडस्पीकर आणि मधल्या सुट्टीतला जिना यांना कसला नियम! वर्गशिक्षिकांना जूनमध्येच भेटून तीन गोष्टी ठरवाव्यात: कवायतीला आणि संमेलनाच्या तालमीला लावायची परवानगी, ते ठेवायची जागा आणि काढायची खूण. शिकवणं चालू असताना नको, बाईंचे शब्द चुकतात. डबा खातानाही नको. कान झाकलेले असले की स्वतःच्या चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो, आणि अशा मुलाचं जेवणच थांबतं. मधल्या सुट्टीत भिंतीकडेची जागा आणि एक शांत मित्र याचा जास्त उपयोग होतो. वर्गातली इतर मुलं पहिले दोन दिवस मागतात. ‘चष्म्यासारखं आहे, ज्याचं त्याने घालायचं’ हे बाईंनी एकदा सांगितलं की विषय संपतो. उवांमुळेही देवघेव नकोच.

रस्त्यावर, चढता-उतरताना, फलाटावर अजिबात नाही. घोडबंदर रोड ओलांडताना मागून येणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. लोकलमध्ये जागा मिळून मूल बसलं की लावावं, उतरायच्या एक स्टेशन आधी काढावं. स्कूटरवर हेल्मेटखाली बसत नाही, बसवूही नये.

खरी तक्रार घामाची. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंधरा मिनिटांत गादी ओली होते, कानामागे घामोळं येतं. आतला स्पंज ओला राहिला तर कुबट वास धरतो आणि वासालाही संवेदनशील असलेलं मूल मग ते डोक्याजवळ येऊ देत नाही. वापरल्यावर साध्या ओल्या फडक्याने गादी पुसायची, आठवड्यातून एकदा स्पंज बाहेर काढून पंख्याखाली वाळवायचा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, वरचं आवरण कडक होऊन तडकतं. उन्हात ठेवलं तरी तेच. पावसाळ्यात दप्तरात घट्ट झाकणाच्या डब्यात टाकावं, कारण ओल्या रेनकोटशेजारी स्पंजाला ओल धरायला एक दिवस पुरतो.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या आधीची. आवाजाचा त्रास अचानक सुरू झाला असेल, कान दुखत असेल, किंवा हाक मारल्यावर मूल लक्ष देत नसेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवण चाचणी करा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचणं या वयात नेहमीचं आहे. अंगावरचे कपडे, लेबलं, जेवणाचा पोत यांचाही रोज त्रास होत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

आठव्या महिन्यात गादीच्या शिवणीजवळ बारीक भेगा दिसल्या. अशी गादी वर्षातून दोनदा बदलावी लागते, म्हणून सुटी गादी आणि स्पंज वेगळे मिळतात का हे विचारूनच घ्या; आमच्या जोडीचे मिळाले नाहीत. पट्टी ताणून ढिली झाली की दाब जातो, तेव्हा मोठ्या माणसांनी गंमत म्हणूनही ती डोक्याला लावू नये. आणि मोठं झाल्यावर होईल म्हणून एक माप मोठं घेऊ नका. सैल वाटीतून सगळं ऐकू येतं.