फ्लोटिंग शेल्फ : फळी बरी, गिट्टी भिकार

लांबी-रुंदी, रंग, किंमत सगळं विक्रीच्या पानावर आहेच. तीन फळ्यांचा सेट, ९ इंच खोल, आत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), वर सागवानी छापाचं लॅमिनेट, मागे लोखंडी पट्टी. उन्हाळ्यात लावलेला. लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात मागच्या खोलीतली फळी पुढे झुकली आणि आईची पितळी समई थेट फरशीवर आली.

फळ्या का घेतल्या, हे बडोदेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी सोडून पस्तिशी ओलांडली, तेव्हा समा भागातल्या आमच्या टेनामेंटमधल्या खालच्या कपाटाचा लगदा झाला, आत जपलेल्या दिवाळी अंकांसकट. (मगरींचं तर बोलायलाच नको.) तेव्हापासून जे काही ठेवायचं ते छातीच्या वर, असा घरात कायदाच झाला.

आता मुद्द्याची गोष्ट, गिट्टी. खोक्यात स्क्रूसोबत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या येतात, बोटाच्या पेराएवढ्या; भिंतीतल्या भोकात ठोकायच्या, म्हणजे स्क्रू पकडून राहतो. आपल्याकडे आतलं प्लास्टरच १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे निम्मी गिट्टी प्लास्टरमध्येच बसते आणि विटेच्या वाट्याला उरतं ते शेपूट. खोक्यावर ऐटीत छापलंय, ‘१० किलो’. साधा हिशोब करा. फळीवर सारखं पसरलेलं १० किलो वजन भिंतीपासून सरासरी साडेचार इंचांवर पडतं. पट्टीचा वरचा स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून जेमतेम दीड इंच वर. म्हणजे वरचे स्क्रू तिप्पट ओढले जातात, ३० किलोंनी. वजन पुढच्या कडेला सरकलं की ६०. आणि हे सगळं त्या दोन रुपयांच्या प्लॅस्टिकच्या जिवावर!

फिटर कंपनीचाच, फिटिंगचे पैसे वेगळे मोजलेले. हॉलची भिंत जुनी, लाल विटेची. तिथे ड्रिलमधून आधी राखाडी भुकटी आली, मग लाल. मागची खोली नंतर काढलेली, एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटी ब्लॉकची. तिथे लाल काही येईचना, नुसतं पिठासारखं पांढुरकं, आणि ड्रिलला जोरही लावावा लागला नाही. असा ब्लॉक सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, ड्रिलचा हॅमर (ठोके देत भोक पाडणं) चालू ठेवला की भोक भुगा होऊन मोठं होतं आणि गिट्टी जागेवरच गोल फिरते. हे ज्याचा रोजचा धंदा आहे त्याला भुकटीच्या रंगावरून कळायला नको? पठ्ठ्याने हॅमर तसाच ठेवला, त्याच गिट्ट्या ठोकल्या आणि फाइव्ह स्टार मागून गेला.

तक्रार केली. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा. तोच फिटर परत आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, ‘साहेब, भींत पोची छे.’ म्हणजे भिंत मऊ आहे. अरे, मग त्या दिवशी कुठे गेला होता तुझा कान? शेवटी ‘फिटिंगवर वॉरंटी नाही’ आणि वर उपकार म्हणून एक नवी फळी. पट्टीशिवाय. नुसती फळी भिंतीला थुंकी लावून चिकटवायची का?

दांडिया बाजारातल्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ब्लॉकसाठीच्या १० मिलिमीटरच्या लांब नायलॉन गिट्ट्या आणायला लावल्या, हॅमर बंद करून जुन्या भोकांपासून चार बोटं बाजूला नवी भोकं पाडली, पाणसळ लावून पट्टी कसली. सामान शंभराच्या आत. फळीला लोंबकळून दाखवू का, असं विचारत होते, मीच नको म्हटलं.

इथवर एकच तारा द्यायचा असं ठरलं होतं. पण मिस्त्री होते म्हणून हॉलमधल्या दोन्हींवरही पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. अख्खा पावसाळा काढूनही सूतभर हललेल्या नाहीत, लॅमिनेटही उचकटलेलं नाही. फक्त भिंतीकडची कड कारखान्यातून उघडीच आली आहे. एमडीएफला ओल लागली की फुगतंच, म्हणून तिच्यावर ऑइलपेंटचा हात मारून घेतला. तुम्ही लावण्याआधीच मारा.

मांडणीबद्दल दोन शब्द. जाहिरातीत एक कुंडी आणि दोन पुस्तकं असतात. आपल्या घरात गणपती, समई, डबे, बांधीव अंक आणि कुणीतरी दिलेला ताजमहाल. जड ते मागे भिंतीला टेकून, हलकं पुढे. अंक उभे न ठेवता आडवे ठेवले तर बरे दिसतात, शिवाय वजन पसरतं. ताजमहालाचं काय करायचं यावर घरात एकमत नाही.

तर तीन तारे, फळीचे. गिट्टीला शून्य. बिनपट्टीची नवी फळी माळ्यावर पडून आहे, कुणाला कामाची असेल तर फुकट घेऊन जा.