हँडवायर्ड बुटीक ॲम्प म्हणून भलतंच गळ्यात मारलं – गिटारवाल्यांनी नक्की वाचा

गिटारवाल्यांनो, कुणी तुम्हाला वापरलेला ‘हँडवायर्ड बुटीक’ ट्यूब ॲम्प (म्हणजे छोट्या कारागिराने हाताने वायरिंग केलेला, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) बघायला बोलावलं आणि तुम्ही पोचायच्या आधीपासूनच तो चालू करून ठेवलेला असेल, तर आधी बंद करायला लावा, चांगला थंड होऊ द्या आणि मग स्वतःच्या हाताने चालू करा. ही एवढी गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर माझे १ लाख ६० हजार वाचले असते, म्हणून मी सगळं सविस्तर लिहितोय.

मी पुण्यात राहतो, ब्लूज वाजवतो, आणि बरीच वर्षं पैसे साठवत होतो एका चांगल्या ट्यूब ॲम्पसाठी. मुंबईच्या उपनगरातला एक माणूस दोन ॲम्प विकत होता. एक १९६८ चा सिल्व्हर पॅनेलवाला फेंडर डिलक्स रिव्हर्ब, म्हणजे २२ वॉट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, क्लासिक म्हणतात तो, त्याचे तो पावणेतीन लाख सांगत होता. दुसरा त्याच सर्किटवर कुणा परदेशी कारागिराने हाताने बनवलेला बुटीक ॲम्प, १ लाख ६०. म्हणाला, या ना, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो, तुम्हीच ऐका आणि ठरवा. बोलायला अतिशय चांगला, घरी गेलो तर चहा-पोहे, ‘दादा तुमचा हात छान आहे हो’ वगैरे.

आणि या माणसाला माहिती खरोखर होती, हीच सगळ्यात घातक गोष्ट. बुटीक ॲम्पच्या मागच्या बाजूला चासीवर, म्हणजे सर्किट ज्यात बसवतात त्या धातूच्या सांगाड्यावर, पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर सिरियल नंबरऐवजी एका बाईचं नाव कोरलेलं. तो म्हणाला, न्यू जर्सीचे नामांकित ॲम्प बनवणारे, ट्रेनरेकवाले केन फिशर आपल्या ॲम्पना नंबर न देता बायकांची नावं द्यायचे, ही त्याच परंपरेतली गोष्ट. हे खरं आहे, फिशर असंच करायचे. मग मी म्हटलं, चासी उघडून आतलं वायरिंग दाखवा. तर म्हणाला, आतला बोर्ड इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) झाकलेला आहे, उघडून काही दिसणार नाही, अमेरिकेतले ॲम्प बनवणारे डंबल माहितीयेत ना, तेही सर्किट कुणी कॉपी करू नये म्हणून असंच करायचे. हेही खरं आहे! डंबलच्या कितीतरी ॲम्पमध्ये सर्किटवर इपॉक्सी ओतलेलं असतं, हे ॲम्पबद्दल वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे प्रत्येक संशयाला त्याच्याकडे एक खरी गोष्ट तयार होती आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आड तो स्वतःचं खोटं लपवत होता. आतल्या वायरिंगचे फोटो म्हणून मोबाईलवर जे दाखवले ते कुणा दुसऱ्याच ॲम्पचे होते.

आता तुलना कशी केली ते बघा. फेंडर जमिनीवर, भिंतीला टेकून. बुटीक मात्र स्टुलावर, थेट माझ्या कानाच्या रेषेत. फेंडरमध्ये सतत गुणगुण, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. म्हणे, साठीला आलेलं मशीन आहे, हे असंच चालणार, दर वर्षी मेकॅनिक शोधत फिराल, आणि हा बघा, वीस वर्षं उघडायला लागणार नाही. बुटीक प्रत्येक वेळी थोडा जास्त आवाजावर ठेवलेला असायचा. दोन-तीन डेसिबल जरी जास्त असले ना तरी कानाला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, बेस भरलेला वाटतो, वरचे सूर स्वच्छ वाटतात. दुकानदार ही युक्ती सर्रास वापरतात आणि याने ती पूर्ण वापरली. शिवाय त्यात स्पीकर खरा, सेलेस्टियन या नावाजलेल्या कंपनीचा होता, आणि ॲम्पच्या टोनमधला फार मोठा वाटा स्पीकरचाच असतो. मी ते सगळं मोबाईलवर शूट केलं होतं, ते नंतर उपयोगी पडलं.

पैसे ऑनलाइन दिले, ॲम्प घरी आणला, आणि पहिल्यांदा थंड असताना स्विच दाबला तर त्याच क्षणी गिटार वाजली. ट्यूब ॲम्पमध्ये असं होऊच शकत नाही. फिलामेंट तापायला, कॅथोड गरम व्हायला दहा-वीस सेकंद लागतात, तोपर्यंत आवाज येत नाही. मी लगेच त्याला फोन केला तर म्हणे यात क्विक स्टार्ट सर्किट आहे. पुढच्या रिहर्सलला ड्रमरबरोबर व्हॉल्यूम वाढवला तर आवाज फुलण्याऐवजी कचकन फाटला, ट्यूब जोरात वाजवली की हळूहळू जो गोडसर ड्राइव्ह (आवाजाचा भरडपणा) येतो त्याचा पत्ताच नाही, आणि थोड्या वेळात ॲम्प बंद पडला. थंड झाल्यावर परत सुरू. परत तापला, परत बंद.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, तिथं जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसायचे, आता घरूनच काम करतात. त्यांच्या कपाटात अजून बेंगळुरूच्या बीईएल या सरकारी कंपनीने बनवलेले ईसीसी८३ आहेत, ज्याला आपण १२एएक्स७ म्हणतो तीच ट्यूब. त्यांच्याकडे ॲम्प नेला. काकांनी आधी काहीच उघडलं नाही. ॲम्प बंद केला, मागच्या बाजूने एकेक करून पाचही ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणाले, ‘आता लाव रे गिटार.’ चालू केला. गिटार वाजली. एकही ट्यूब नाही आणि तोच आवाज, तेवढाच मोठा. मी काकांकडे बघतच राहिलो. ते म्हणाले, ‘बाळा, हे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, नुसते दिवे आहेत.’

मग त्यांनी हॉट एअरने इपॉक्सी मऊ करून सोलून काढलं. खाली स्वस्तातलं प्रिंटेड सर्किट बोर्ड, ऑपॲम्प, आणि एक ऑडिओ पॉवर आयसी, तिच्यावरचा नंबर घासून काढलेला. म्हणजे सगळा आवाज ट्यूबमधून नाही, या चिपमधून येत होता. ट्यूबच्या सॉकेटला फक्त हीटरचा ६.३ व्होल्टचा पुरवठा जोडलेला, म्हणजे त्या लाल दिसाव्यात, बास. ट्यूब ॲम्पमध्ये स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथे नुसता वजनासाठी बसवलेला, त्याच्या वायरी कापून इपॉक्सीत बुडवलेल्या. आणि ॲम्प सारखा बंद का पडत होता, तर त्याच इपॉक्सीमुळे आयसीची उष्णता बाहेर जायला वाटच नव्हती.

तो फेंडरचा व्हिडिओ काकांना ऐकवला. म्हणाले ही गुणगुण १०० हर्ट्झची आहे, फिल्टर कपॅसिटर वाळलेत, खरखर म्हणजे पॉट्समधली, म्हणजे नॉबच्या आतल्या भागातली, घाण, हे सगळं काही हजारांत नीट होतं आणि मग तो पुढची वीस वर्षं वाजेल. मला हे सगळ्यात जास्त लागलं. तिथं जो खराखुरा ॲम्प होता त्यालाच बदनाम करून खोटा विकला. त्या काळातले फेंडर फायबर बोर्डवर हाताने वायर केलेले आहेत, प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कपॅसिटर सोल्डरिंग आयर्नने काढून बदलता येतो, म्हणून तर ते इतकी वर्षं चालू आहेत. 

याचा अर्थ बुटीक वाईट असा अजिबात नाही हं. चांगल्या बुटीक ॲम्पचं काम मी जवळून बघितलंय, मित्राकडे मॅचलेस कंपनीचा बुटीक ॲम्प आहे, त्याची वायरिंग बघून जीव खूष होतो. आणि टोनचं म्हणाल तर ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी, मार्शलचा पहिला जेटीएम४५ फेंडर बासमनवरून आला, मॅचलेसचा डीसी-३० व्हॉक्स एसी३० च्या वळणाचा, डंबलची मुळं फेंडरमध्ये. त्यामुळे क्लासिक भारी की बुटीक भारी या वादात तुम्हाला कुणी गुंतवायला लागला तर तो वाद बाजूला ठेवा आणि चासी उघडून दाखव म्हणा. प्रामाणिक बनवणारा स्वतःहून अभिमानाने दाखवतो. फक्त स्वतः आत हात घालू नका प्लीज, या ॲम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहू शकतं, जीव जाईल. जाणकार माणूस बरोबर न्या. आणि तुलना करायची तर दोन्ही ॲम्प एकाच उंचीवर, एकाच आवाजावर, जमलं तर दोन्ही एकाच स्पीकरला जोडून, नॉब तुमच्या हातात.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘तुम्ही सील तोडलं, आता जबाबदारी माझी नाही.’ नंतर ब्लॉक. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस स्टेशनला भारतीय न्याय संहिता कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिलाय, बँकेचं स्टेटमेंट, चॅट, व्हिडिओ आणि काकांचं लेखी म्हणणं जोडलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे. तुमच्याकडे चॅट असतील तर डिलीट करू नका, आणि तक्रार पैसे गेल्याचं कळलं त्याच दिवशी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच हातात काही राहतं.

माझा ॲम्प पुरावा म्हणून माझ्याकडेच आहे, पण हे एकच पीस बनवलं असेल असं मला वाटत नाही. क्रीम रंगाचं टोलेक्स (ॲम्पच्या पेटीवरचं आवरण), तपकिरी ग्रिल, मागे चासीवर पितळेची पट्टी आणि तिच्यावर बाईचं नाव, चासीच्या स्क्रूंवर लाल लाखेचं सील. असा ॲम्प कुणी दाखवला तर पैसे देऊ नका, फोटो काढा आणि मला कळवा, मी तो तक्रारीला जोडेन.