ट्विन रिव्हर्ब, सुपर लीड की हायवॉट? जुना शंभर वॅटचा ट्यूब अँप घेण्याआधी

गिटारसाठी जुना, दणकट, मोठ्या ताकदीचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचं मनात आलं की गाडी बहुतेक वेळा तीन नावांवर येऊन थांबते: फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, मार्शलचा १९५९ सुपर लीड आणि हायवॉटचा डीआर१०३. तिघांच्याही आउटपुटला चार ट्यूब. साठच्या दशकातला ट्विन ८५ वॅटचा, बाकीचे दोन शंभरचे. कागदावर फारसा फरक नाही, पण गिटार लावली की तिघांच्या तीन तऱ्हा.

निवड करताना बहुतेक जण विचारतात, 'यातला कुठला जास्त मोठा वाजतो?' माझ्या मते या प्रश्नाने काहीच ठरत नाही, कारण तिन्ही गरजेपेक्षा मोठेच वाजतात. तुम्ही जिथे वाजवणार आहात तिथे व्हॉल्यूम कुठवर उघडता येईल, हे आधी ठरवा. या तीन अँपमधला खरा फरक तिथेच पडतो.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

शंभर वॅटचा अँप पन्नासच्या दुप्पट मोठा वाजतो हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे शंभरचे दहा वॅट. जादा वॅटमधून मिळते ती हेडरूम: स्वर फाटायच्या आधी अँप किती वर जाऊ शकतो ती जागा. त्याशिवाय मोठे ट्रान्सफॉर्मर आणि मजबूत पॉवर सप्लाय असल्यामुळे खालच्या तारांचा ठोसा घट्ट राहतो, जोरात वाजवलं तरी तो लिबलिबीत होत नाही.

दुसरी बाजूही पाहून ठेवा. १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर १०० वॅटला तोच ११७ डेसिबल देतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात आणि ११७ ला अर्धं मिनिटसुद्धा नाही. त्यामुळे असा अँप घेणार असाल तर कानांचे चांगले फिल्टर प्लग त्याच दिवशी घ्या.

ट्विन रिव्हर्ब: शेवटपर्यंत स्वच्छ

ट्विन १९६३ मध्ये आला. चार ६एल६जीसी ट्यूब, बारा इंची दोन स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने दिलेला घुमारा) आणि व्हायब्रॅटो (आवाजाची थरथर), सगळं एकाच खोक्यात. वजन २९ किलोच्या आसपास आणि जेबीएलचे स्पीकर असतील तर आणखी जास्त. जिना चढायचा असेल तर हा आकडा हलक्यात घेऊ नका.

त्याचा टोन स्वच्छ राहण्याचं कारण सर्किटमध्ये आहे. पहिल्या ट्यूबनंतर लगेच टोन कंट्रोल येतात आणि ते बराच सिग्नल खाऊन टाकतात, विशेषतः मधल्या पट्टीतला. त्यामुळे पुढच्या ट्यूब सहजी ओव्हरलोड होत नाहीत. वरचे सूर चमकतात, खालचे रुंद येतात आणि मध्ये थोडी पोकळी राहते. गाणाऱ्याचा आवाज त्या पोकळीत छान बसतो. एकट्याने वाजवलं तर तीच पोकळी जरा रिकामी वाटते.

सालांप्रमाणे प्रकार बदलतात. १९६७ पर्यंतचे काळ्या पॅनलचे, १९६८ पासून चंदेरी पॅनलचे. सत्तरच्या दशकात मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा ठरवणारं बटण) आला आणि वॅट शंभरवर गेले. दशकाच्या शेवटी १३५ वॅटचं अल्ट्रालिनिअर (आउटपुटच्या जोडणीचा एक प्रकार) मॉडेल आलं. किंमत काळ्या पॅनलची सगळ्यात जास्त, पण १९६८ ते १९७१ च्या सुमाराचा चंदेरी ट्विन सर्किटने त्याच्या अगदी जवळ आहे. मी पैसे तिथेच घालीन. १३५ वॅटचा अँप पेडल स्टील वाजवणाऱ्यांना आणि कीबोर्डवाल्यांना चांगला. गिटारला तो मला जरा कडक वाटतो.

व्हॉल्यूम तीनवर ठेवूनही ट्विन जवळजवळ पूर्ण ट्विनसारखाच वाजतो, हा त्याचा मोठा गुण. खोलीत, रेकॉर्डिंगला, छोट्या कार्यक्रमात असा कुठेही तो उपयोगी पडतो. पण अँपचाच ड्राइव्ह (फाटलेला स्वर) हवा असेल तर ट्विन घेऊ नका. तो फाटायला लागतो तोवर शेजारी दारात उभे असतात, आणि फाटल्यावरचा आवाजही काही फार गोड नसतो.

सुपर लीड: उघडल्याशिवाय कळत नाही

नावातला १९५९ हा मॉडेल क्रमांक आहे, साल नव्हे. जाहिरातीत '१९५९ चा मार्शल' असं लिहिलेलं दिसलं की आधी पॅनल बघा. अँप साठच्या दशकाच्या मध्यावर आला. १९६९ पर्यंत पॅनल प्लेक्सिग्लासचं होतं, म्हणून त्याला सगळे प्लेक्सी म्हणतात. त्यानंतर ॲल्युमिनिअमचं आलं. चार ईएल३४ आणि तीन ईसीसी८३ ट्यूब, चार इनपुट, दोन व्हॉल्यूम आणि मास्टर नाही. १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या मागे सुपर लीडच होते.

इथे टोन कंट्रोल प्रीअँपच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) शेवटी येतात, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच सिग्नल भरपूर तापलेला असतो. व्हॉल्यूम वर नेताना काय होतं ते नीट ऐका. तीनवर तीक्ष्ण, काचेसारखा आणि काहीसा पातळ आवाज येतो. त्याला जबाबदार असतो ट्रेबल चॅनेलच्या व्हॉल्यूमवरचा ब्राइट कपॅसिटर. पॉट (व्हॉल्यूमचं फिरतं बटण) खाली असताना वरचे सूर त्या कपॅसिटरमधून वळसा घालून पुढे निघून जातात. पाचवर तीक्ष्णपणा कमी होऊन मधली पट्टी भरू लागते. सहा-सातच्या पुढे आवाज फारसा मोठा होत नाही, पण जाड होतो. प्रीअँप, फेज इन्व्हर्टर (आउटपुट ट्यूबना सिग्नल पुरवणारा टप्पा) आणि आउटपुट ट्यूब मिळून दबायला लागतात आणि बोट हलकं-जड केलं की स्वच्छ आणि फाटलेला असे दोन्ही आवाज त्याच सेटिंगवर मिळतात. हीच या अँपची सगळी जादू आहे. ज्याने सुपर लीड फक्त दोनवर ऐकला त्याला तो वाईट अँप वाटेल, आणि त्याचं ऐकणं चूकही नाही.

तीक्ष्णपणावर जुना उपाय आहे: जंपर. गिटार पहिल्या चॅनेलच्या हाय इनपुटमध्ये लावायची, त्याच चॅनेलच्या लो इनपुटमधून छोटी केबल दुसऱ्या चॅनेलच्या हायमध्ये घालायची आणि दोन्ही व्हॉल्यूम मिसळायचे. दुसरा चॅनेल खालचा भराव देतो. ट्विनवर हा उद्योग करू नका. तिथे दोन चॅनेलचे फेज उलट असतात आणि आवाज भरायच्या ऐवजी पोकळ होतो.

साधारण १९७३-७४ पासून मार्शल हाताने जोडलेल्या बोर्डावरून छापील सर्किट बोर्डाकडे गेले. संग्राहक त्यामुळे नाक मुरडतात आणि किंमत खाली राहते. वाजवण्यासाठी घेणाऱ्याला ते मॉडेल मुळीच वाईट नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या अँपमध्ये ईएल३४ ऐवजी ६५५० ट्यूब असायच्या. त्यांचा आवाज अधिक कडक आणि उशिरा फाटणारा. परत ईएल३४ वर आणता येतं, पण बायसचे (ट्यूबमधला स्थिर प्रवाह ठरवणारे) भाग बदलावे लागतात, नुसत्या ट्यूब उपसून दुसऱ्या घालून चालत नाही.

हायवॉट: रणगाडा

डेव्ह रीव्ह्ज यांनी १९६६ मध्ये हायवॉट बनवणारी हायलाइट इलेक्ट्रॉनिक्स सुरू केली आणि १९८१ मध्ये ते गेले. त्या काळातला डीआर१०३ उघडून आतलं वायरिंग एकदा बघाच. तारा काटकोनात वळवून, जुड्या बांधून, एकही टोक लोंबत नाही अशा घातलेल्या. हॅरी जॉइस यांच्या देखरेखीखालचं हे काम सैनिकी उपकरणांच्या दर्जाचं मानलं जातं. ट्रान्सफॉर्मर पार्ट्रिज कंपनीचे. पीट टाउनशेंड आणि डेव्हिड गिल्मर या गिटारवादकांनी हे अँप वर्षानुवर्षं वापरले.

ट्यूब मार्शलच्याच, चार ईएल३४, तरी स्वभाव ट्विनला जवळचा. शंभर वॅट स्वच्छच देतो. फरक असा की मधली पट्टी इथे पोकळ नसते, भरीव आणि सरळ असते. दोन चॅनेलचे व्हॉल्यूम आणि वर मास्टर. मास्टर खाली ठेवून प्रीअँप तापवता येतो, पण तो ड्राइव्ह कोरडा असतो. हायवॉटसाठी पेडल (पायाने चालू करायचे इफेक्ट) हवेत, आणि पेडल त्याच्यावर जसे फुलतात तसे बाकी दोघांवर नाही. फझ किंवा डिलेचं पेडल लावा, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. चुकलेला सूरही तितकाच स्पष्ट ऐकू येतो.

रिव्हर्ब नाही, व्हायब्रॅटो नाही, आणि हेड (अँप) व कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) वेगळं न्यावं लागतं. सुपर लीडचंही तसंच.

घेताना काय बघायचं

ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं बदलता येतं आणि काही गोष्टी बदललेल्या असायलाच हव्यात. 'पन्नास वर्षांत काहीच बदललेलं नाही' असं विकणारा अभिमानाने सांगतो तेव्हा माझ्या मनात खर्चाचा आकडा वाढतो. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात. तितके जुने असतील तर ते वाट बघत बसलेले आहेत असंच समजा.

अमेरिकी अँपचं वय पॉटवरून काढता येतं. मागे १३७६८२३ असा शिक्का असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६८ म्हणजे १९६८ आणि २३ म्हणजे वर्षातला तेविसावा आठवडा. अँप त्याच्या आधी बनलेला असू शकत नाही, नंतर मात्र असू शकतो.

अँप चालू करून किमान अर्धा तास तापू द्या. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. सतत घुंकार येत असेल तर कपॅसिटर किंवा अर्थिंग. थांबून थांबून तडतड होत असेल तर जुने रेझिस्टर. पेन्सिलीने प्रीअँप ट्यूबला टिचकी मारल्यावर टणकन आवाज आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे कंपनं पकडणारी. आउटपुट ट्यूबच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. आतली प्लेट लाल झालेली दिसली तर मात्र त्याच क्षणी बंद करा.

मार्शलच्या मागचा इंपीडन्सचा सिलेक्टर (स्पीकरचे ओहम निवडायचा) हलवून बघा. ढिला असेल तर आधी तो बदलायचा, मग वाजवायचं. त्याचा संपर्क वाजवताना सुटला की स्पीकरचा भार नाहीसा होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

दोन पिनांचा जुना प्लग असेल तर तीन पिनांची अर्थ असलेली वायर बसवून घ्या आणि ग्राउंड स्विचचा कपॅसिटर काढायला सांगा. तो बिघडला तर मेनची वीज थेट गिटारच्या तारांपर्यंत पोचते. अमेरिकी अँप २३० व्होल्टला लावायचा असेल तर भरपूर क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, कमीत कमी ५०० व्हीएचा.

चेसिस (अँपचा आतला धातूचा सांगाडा) स्वतः उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आत साडेचारशे व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहू शकतो. हे काम जाणकाराकडेच द्या. ट्यूब बदलल्या की बायस मोजायला सांगा. नेहमीचा वरचा अंदाज ट्यूबच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्के. ईएल३४ ची क्षमता २५ वॅट, म्हणजे १७.५, आणि प्लेटवर ४८० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला ३६ मिलीअँपिअर. हे गणित माहीत असलं की दुरुस्ती करणाऱ्याशी नीट बोलता येतं.

घरी आणल्यावर

स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीच चालू करायचा नाही. जोडणीला स्पीकरचीच केबल घ्यायची, गिटारची नाही. ट्विनला ४ ओहम लागतात. मार्शल आणि हायवॉटचा सिलेक्टर कॅबिनेटच्या आकड्याला जुळवायचा. स्पीकरच्या वॅटकडेही लक्ष असू द्या: २५ वॅटचे चार सेलेस्टियन स्पीकर कागदावर १०० होतात, पण पूर्ण उघडलेला सुपर लीड शंभरावर थांबत नाही, बराच पुढे जातो. जुने स्पीकर असेच फाटतात.

आवाज कमी करायला लोक दोन आउटपुट ट्यूब काढतात. बाहेरची किंवा आतली जोडी काढली तर चालतं, मात्र सिलेक्टर कॅबिनेटच्या निम्म्यावर न्यावा लागतो (१६ ओहमच्या कॅबिनेटला ८) आणि बायस पुन्हा तपासावा लागतो. एवढं करून मिळतात ते ३ डेसिबल. सुपर लीडसाठी खरा उपाय म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारं यंत्र, चांगला रिअ‍ॅक्टिव्ह अटेन्युएटर. त्याचे पैसे अँपच्या किमतीतच धरा. त्यावरही ट्यूब पूर्ण ताकदीने जळत असतात, म्हणून त्या लवकर बदलाव्या लागतील.

मग घ्यावा कुठला? बहुतेकांना मी चंदेरी ट्विन सुचवीन. तीनवर वाजवूनही तो पूर्ण मिळतो आणि रिव्हर्ब सोबत येतो. पेडलबोर्ड हेच ज्याचं मुख्य वाद्य आहे आणि सामान वाहायला माणसं आहेत, त्याने हायवॉट घ्यावा. टिकण्यात त्याला जोड नाही. सुपर लीडचा आवाज ज्याच्या मनात बसलाय त्याला दुसरं काही देऊन समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण जवळ मोठं स्टेज नसेल आणि अटेन्युएटरही घ्यायचा नसेल, तर त्याच घराण्यातला पन्नास वॅटचा अँप आधी वाजवून बघावा. तोही लहान नाही, पण थोडा आधी दबतो आणि दोनच आउटपुट ट्यूबवर चालतो.