काळ्या रानात मेटल डिटेक्टर : सोलापूर परिसरातील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मेटल डिटेक्टर घ्यावा का, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारतो : तुमचे रान कोणते? काळे, मुरमाड, की नदीकाठचे पोयट्याचे? जाहिरातीत खोलीचे, वजनाचे आणि बॅटरीचे आकडे ठळकपणे दिलेले असतात, जमिनीचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. सोलापूर जिल्ह्यात तर यंत्र किती उपयोगी पडणार हे मुख्यतः जमिनीवरच ठरते. उन्हाळ्यात नांगरटी चालू असताना मी यंत्र घेतले आणि पावसाळा, रब्बीची पेरणी व पुढची सुगी असा काळ त्याच्याबरोबर काढला. त्यावरून हे लिहीत आहे.

माझे यंत्र मध्यम किमतीचे, एकाच वारंवारितेवर चालणारे, ज्याला व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेचे) म्हणतात त्या प्रकारचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या वर्गातील कोणत्याही यंत्राला लागू पडतात. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीतील, म्हणजे कॉइलमधील, एक वेटोळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यामुळे जमिनीतील धातूच्या तुकड्यात भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परतलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला आहे, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर अंक दाखवते. लोखंड खालच्या अंकांत येते, तांबे आणि चांदी वरच्या अंकांत येतात आणि सोन्याचा लहान दागिना बहुधा औषधाच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाच्या शेजारी येऊन बसतो. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा, त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त, चुंबकीय खनिजे मुळातच असतात. कोणत्याही ओढ्याच्या कोरड्या वाळूत साधा लोहचुंबक फिरवून पाहावा. त्याच्या टोकांना काळ्या बारीक कणांची दाट लव चिकटून येते. हेच कण मातीतही असल्यामुळे यंत्राला धातूच्या आधी जमीनच ऐकू येते. परदेशी चित्रफितींत कॉइल हिरवळीवरून सहज फिरते आणि यंत्र शांत राहते, पण तेच यंत्र आपल्याकडच्या रानात सुरू केले तर प्रत्येक झोक्याला किरकिरते. म्हणून या भागात यंत्र निवडताना पहिली अट एकच असावी : ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत यंत्राला दुर्लक्षायला लावणारी जुळणी, हाताने करता आली पाहिजे. ही सोय कारखान्यातूनच ठरावीक ठेवलेली, बदलता न येणारी यंत्रे स्वस्त मिळतात, परंतु काळ्या रानासाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही.

ग्राउंड बॅलन्स जुळवणे अवघड नाही. जवळपास धातू नाही अशी जागा निवडावी, बटण दाबून धरावे आणि कॉइल वीतभर उंचीवरून जमिनीलगत आणून पुन्हा वर न्यावी. आवाज खाली-वर दोन्हीकडे सारखा झाला की बटण सोडावे. एकाच शिवारात बांधाच्या एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला मुरमाड जमीन असते, त्यामुळे बांध ओलांडला की हे पुन्हा करावे लागते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा हे फसव्या आवाजाचे एक कारण आहे. भेगेवरून कॉइल गेली की तेवढ्यापुरती खालची जमीन नाहीशी होते आणि यंत्र तिथे धातू असल्यासारखा आवाज देते. जुन्या चुलीची जागा, भाजलेल्या विटांचे आणि कौलांचे तुकडे, काही काळे दगड हेही असेच फसवतात, कारण भाजलेल्या मातीचे चुंबकीय गुण बदललेले असतात. संवेदनशीलता पूर्ण वाढवण्याचा मोह सर्वांना होतो. माझ्या अनुभवात ती दोन-तीन पायऱ्या खाली आणल्यावर यंत्र शांत झाले आणि प्रत्यक्षात जास्त वस्तू कळल्या.

खोलीच्या दाव्यांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. नाण्याएवढी वस्तू वाळूत किंवा पोयट्यात आठ-नऊ इंचांवर कळू शकते, पण काळ्या रानात माझ्या यंत्राला तीच वस्तू चार-पाच इंचांपर्यंत खात्रीने कळते आणि त्याखाली अंक डळमळू लागतात. ‘वीस फूट खोल सोने शोधणारे’ म्हणून विकली जाणारी साधने मी या चर्चेत धरतच नाही. नाण्यासारखी लहान वस्तू तेवढ्या खोलीवर ओळखणारे छंदाचे यंत्र नाही.

हंगामाचाही फार फरक पडतो. ज्वारीची काढणी झाल्यावर रान मोकळे मिळते खरे, पण तेव्हा जमीन इतकी कडक असते की खुरपे आत जात नाही आणि एक खिळा काढायला पाव तास जातो. भर पावसात चिखल कॉइलला आणि चपलांना चिकटतो. पाऊस उघडून वाफसा आला आणि रानात कुळवाची पाळी बसली की तीच योग्य वेळ. ढेकळे फुटलेली असतात, वरची माती हलून नवीन वस्तू वर आलेल्या असतात आणि ओलाव्यामुळे संकेतही स्वच्छ येतात. आपल्याकडे बरीच जमीन खरिपात पड ठेवून शाळूसाठी राखली जाते, त्यामुळे मृगाच्या पावसापासून हस्ताच्या पेरणीपर्यंत ही संधी अधूनमधून मिळत राहते. पेरलेल्या रानात पाय ठेवण्याचा प्रश्नच नाही.

शेतात विजेचा उपद्रव बराच होतो. उच्चदाबाच्या तारांखाली यंत्र अखंड बडबड करते, तर शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की अंक उड्या मारू लागतात. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन तर ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज कानात देत राहते. कॉइल स्थिर धरूनही तो चालू राहिला, तर तो जमिनीतून येत नाही हे ओळखावे. वारंवारिता थोडी सरकवण्याची सोय असल्यास ती इथे कामी येते. नसल्यास संवेदनशीलता कमी करावी किंवा दुसऱ्या बांधाला जावे.

जमिनीतून प्रत्यक्षात काय निघते? बैलांच्या नाली आणि त्यांचे खिळे, खुरप्यांची मोडकी पाती, सायकलच्या साखळीच्या कड्या, तारांचे तुकडे, बाटल्यांची झाकणे आणि गुटख्याच्या पुड्या. यांतील झाकण ओळखायला शिकणे हा पहिला खरा धडा आहे. कॉइल त्यावरून सरळ नेली तर तांब्यासारखा भरदार आवाज येतो, पण नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवली की अंक एकदम खाली कोसळतो आणि आवाजाच्या कडेला खरखर ऐकू येते. नाण्याचा अंक दोन्ही दिशांनी जवळजवळ तोच राहतो. मात्र आपली चालू नाणी इथे गोंधळ घालतात. १९९२ पासूनचा एक रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो, म्हणून लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवली की ही नाणी वगळली जाण्याची शक्यता असते. उलट, १९६० च्या दशकात आलेली तीन पैशांची षटकोनी किंवा पाच पैशांची चौकोनी ॲल्युमिनियमची नाणी वजनाने नगण्य असूनही लख्ख आवाज देतात. परदेशी पुस्तिकेतील नाण्यांचे तक्ते आपल्याला उपयोगी नाहीत. घरातील जुनी-नवी नाणी, चांदीचे जोडवे, सोन्याची अंगठी कॉइलखाली फिरवून आपला तक्ता आपणच वहीत लिहून काढावा. एका संध्याकाळचे काम आहे.

या छंदाचा मला पटलेला खरा उपयोग म्हणजे लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणे. मोहोळ तालुक्यात मावशीच्या रानात भुईमूग काढताना शेजारच्या काकूंच्या कानातले सोन्याचे फूल पडले. बायकांनी वेलांचे ढीग उलटेपालटे करून पाहिले होते आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. चंदेरी कागदाचे अंक वगळून शोधले असते तर ते फूल कधीच लागले नसते, म्हणून मी सर्व धातूंना मोकळे ठेवले, दोरी लावून रानाचे पट्टे पाडले आणि कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटे वर ठेवून हळूहळू फिरवली. बरेच पट्टे झाल्यावर एका ढेकळापाशी बारीक पण स्थिर आवाज आला. ढेकूळ उचलून बाजूला ठेवले तेव्हा आवाज जमिनीत राहिला नाही, ढेकळाबरोबर गेला. ते दोन भागांत फोडले, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला लहान शोधक) दोन्हींना लावला आणि एका भागाच्या ओल्या मातीत भुईमुगाच्या मुळीला अडकलेले फूल दिसले. फिरकी मात्र सापडली नाही. एवढी बारीक वस्तू या यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. काकू म्हणाल्या, “पोरा, फिरकी चार पैशांत येईल, फूल माझ्या आईचं आहे.” तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून पैंजण, अंगठ्या आणि एकदा विहिरीच्या कडेला गाडला गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह शोधण्यासाठी बोलावणी येत राहिली आहेत.

आता कायदा. चित्रफिती बहुतेक इंग्लंडच्या असतात. तिथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी स्वतंत्र योजना आहे. आपल्याकडे ती व्यवस्था नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि दिनांक द्यावा लागतो. न कळवल्यास आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती वगैरे पुरावस्तू ठरतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवान्याशिवाय उकरणे गुन्हा आहे.

मला एका बांधालगत झिजलेले तांब्याचे जुने नाणे मिळाले. ते शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, असावे असे वाटत होते, पण अक्षरे पुरती लागत नव्हती. जमीनमालकांच्या सहीसह गट नंबर, तारीख आणि छायाचित्रे जोडून अर्ज दिला व त्याची पोच घेतली. या कामात अडचण काहीच नाही. फक्त नाणे चिंच-मीठ लावून घासू नये, कारण त्यावरची हिरवट पुटे आणि उरलेली अक्षरे त्याबरोबरच जातात.

किल्ले, जुन्या गढ्या, देवळांचे परिसर आणि नदीकाठची पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडे मी पूर्णपणे टाळतो, तिथे फलक असो वा नसो. सोलापूरचा भुईकोट, हत्तरसंग-कुडलचा संगम, औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात जिथे होती तो ब्रह्मपुरी-माचणूरचा भीमाकाठ, ही नावे ऐकली की नवख्याचे डोळे चमकतात. पण वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती यावरच अभ्यासक इतिहास वाचतात आणि खुरप्याच्या एका फटक्यात तो संदर्भ कायमचा जातो. हे मला मनापासून वाटते, केवळ शिक्षेच्या भीतीने मी लिहीत नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्यही वर्ज्य समजावे.

गावात यंत्र बाहेर काढले की पहिला प्रश्न गुप्तधनाचा येतो. म्हणून मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवतो, पोलीस पाटलांना आधी सांगतो आणि अंधार पडण्यापूर्वी रान सोडतो. गुप्तधन दाखवतो म्हणणारा मांत्रिक सोबत चला म्हणाला, तर त्याला तिथेच नकार द्यावा. गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे. उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवावा आणि निघालेला गंज-पत्रा सोबत न्यावा. बैलांच्या खुरांत जाणारे खिळे रानातून कमी होतात, यामुळेच दोन शेतकऱ्यांनी मला पुन्हा यायला सांगितले.

सोबत घ्यायच्या साहित्यात पिनपॉइंटर अनिवार्य आहे. त्याच्याशिवाय ढेकळात शोधण्यात सगळा वेळ जातो. हेडफोन, कॉइलचे आवरण आणि चांगल्या पोलादाचे खुरपे घ्यावे. बॅटरी दिवसभर पुरते, पण सोलापूरच्या मे महिन्यात यंत्र बंद गाडीत ठेवू नये. माझ्या कॉइलची केबल सांध्यापाशी सैल झाली तेव्हा दुरुस्तीसाठी ती दूरच्या शहरात पाठवावी लागली आणि बरेच आठवडे यंत्र बंद राहिले, म्हणून खरेदीपूर्वी देशात दुरुस्ती कुठे होते हे लेखी विचारून घ्यावे. पैसे थोडे अधिक घालता येत असतील, तर एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारे यंत्र काळ्या जमिनीसाठी जास्त योग्य आहे. पल्स इंडक्शन, म्हणजे सलग लहरींऐवजी तुटक स्पंद सोडणाऱ्या, प्रकारचे यंत्र या मातीत आणखी चांगले चालते, परंतु लोखंड नीट वगळू शकत नाही आणि आपल्या शेतांतील खिळ्यांची संख्या पाहता मी ते घेणार नाही. त्याऐवजी पुढच्या वाफशापूर्वी सहा इंची लहान कॉइल घेण्याचे ठरवले आहे, कारण ती एका वेळी कमी माती पाहते, त्यामुळे जमिनीचा गोंगाट कमी होतो आणि दोन खिळ्यांच्या मधले जोडवेही वेगळे ऐकू येते.