नोटबुकएलएम काही महिने वापरल्यावर: मला भावला तो छोटासा आकडा

गूगलचं काही नवं आलं की ते चांगलं आहे का, याआधी ते किती दिवस टिकेल हाच विचार डोक्यात येतो. बातम्या-ब्लॉग वाचायचं रीडर २०१३ मध्ये गेलं, ईमेलचं इनबॉक्स २०१९ मध्ये, प्ले म्युझिक २०२० मध्ये. ऑनलाइन गेम खेळायच्या स्टेडियाला २०२३च्या जानेवारीत टाळं लागलं. फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला संपली, तो तर आम्हा चिक्कू मंडळींचा सुतकाचा दिवस. त्यामुळे गूगलचंच नोटबुकएलएम फारशी अपेक्षा न ठेवता उघडलं.

ते काय करतं हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे: आपण त्यात आपली कागदपत्रं टाकायची आणि प्रश्न विचारायचे, हा एआय त्यांच्यावरूनच उत्तरं देतो. मला बोलायचंय ते उत्तरातल्या वाक्यापुढे येणाऱ्या छोट्याशा आकड्याबद्दल. आरोग्यविम्याची पॉलिसी टाकली आणि विचारलं, आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी किती? उत्तर दोन ओळींचं. आकड्यावर क्लिक केलं तर पॉलिसीतला नेमका तो परिच्छेद समोर. आणि त्याच्याच खाली, मी विचारलंच नव्हतं असं कलम: विम्याची रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेपुरता कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजणार. रक्कम वाढवायचा विचार चालूच होता, त्यामुळे हे वेळेवर कळलं. बाकीचे चॅटबॉटही दुवे देतात, पण बरेचदा अख्ख्या पानावर नेऊन सोडतात. पुढे शोधा तुमचं तुम्ही.

अर्थात आकडा दिसला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. परिच्छेद खरा असतो, त्यातून लावलेला अर्थ घसरू शकतो. म्हणूनच क्लिक करायचं.

२०२४च्या सप्टेंबरात यात आणखी एक सोय आली: टाकलेल्या कागदपत्रांवर एआयचे दोन आवाज पॉडकास्टसारख्या गप्पा मारतात. त्यावर मात्र जग भाळलं. मीही भाळले. पण वॉशिंग मशीनचा फिल्टर साफ करण्यावर ते दोघं चंद्रावर पाऊल ठेवल्यासारखे भारावून बोलायला लागले, तेव्हा बंद केलं. आता मत थोडं बदललंय: लांबलचक, रटाळ अहवाल असेल तर भांडी घासताना ऐकायला बरं पडतं.

गूगलला आता काही जमत नाही असं म्हणणारे बरेच आहेत, पण ते मला पटत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या एआय-रचनेवर आजचे बहुतेक सगळे चॅटबॉट उभे आहेत, त्याचा २०१७चा शोधनिबंध यांच्याच लोकांचा. डोकं होतंच, एखादी गोष्ट बनवून ती नेटाने चालवायची चिकाटी कमी पडते. नोटबुकएलएम मात्र २०२३च्या मेमध्ये टेलविंड नावाने दाखवलं आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्यावरची 'प्रायोगिक' पाटी निघालीसुद्धा. जीमेलवरची 'बीटा' पाटी निघायला २००४ ते २००९ लागले होते!

पैसे भरणार का? नाही. फुकटात एका वहीत ५० स्रोत (म्हणजे टाकलेली कागदपत्रं) आणि दिवसाला ५० प्रश्न मिळतात, मला ते पुरून उरतात. मूळ पीडीएफ सगळ्या माझ्या हार्डडिस्कवर आहेत, आणि तिथे लिहिलेली टिपणंही मी अधूनमधून बाहेर काढून ठेवते.