हाताने लिहिलेले जुने कागद वाचायला: ट्रान्सक्रिबस की सरळ एआय चॅट?

कागद स्कॅन झालेत, आता ते शोधता आले पाहिजेत, आणि सगळे हाताने लिहिलेले. अशा वेळी हल्ली दोन रस्ते दिसतात, ट्रान्सक्रिबस किंवा ईस्क्रिप्टोरियमसारखं खास हस्ताक्षर वाचणारं टूल, नाहीतर फोटो टाकला की मजकूर काढून देणारं मोठं एआय मॉडेल. जुनी पत्रं आणि नोंदवह्या मी दोन्हींवर चालवून बघितल्यात, त्यावरून लिहितोय.

सुरुवातीला एआय मॉडेलच भारी वाटतं, खरंच. शिकवायचं काही नाही, पान टाकलं की मजकूर हातात, वर सारांशही. ट्रान्सक्रिबसमध्ये तयार मॉडेल आपल्या अक्षराला चाललं तर ठीक, नाहीतर स्वतःचं ट्रेन करायचं, आणि त्यासाठी आधी साधारण ५,००० ते १५,००० शब्द, म्हणजे २५ ते ७५ पानं, माणसानेच बसून बिनचूक उतरवायची. वेळखाऊ आहे, त्यात वाद नाही.

पण माझं ठरलं ते नावांवरून. एआय मॉडेलला अक्षर लागलं नाही तरी ते अडत नाही, तिथे जे शोभेल ते लिहून मोकळं होतं. दुर्मिळ आडनावाच्या जागी त्याच्या जवळपासचं नेहमीचं आडनाव, जुन्या स्पेलिंगच्या जागी आजचं, कधी तर अख्खी ओळच गायब, आणि वाक्य इतकं गुळगुळीत की वाचताना शंकाच येत नाही. हस्ताक्षराचं टूलही चुकतं, भरपूर चुकतं, पण त्याचा चुकलेला शब्द बहुतेक वेळा मोडका दिसतो, आणि एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर फझी सर्चमध्ये, म्हणजे जवळपास जुळणारे शब्दही शोधणाऱ्या सर्चमध्ये, सापडतोही. अर्काइव्हमध्ये लोक शोधायला येतात ती नावंच ना, पणजोबांचं, गावाचं, जहाजाचं! ते नावच बदललं तर कागद ऑनलाइन असूनही त्या माणसाला कधीच मिळणार नाही. कॅरेक्टर एरर रेट, म्हणजे शंभरात किती अक्षरं चुकली तो आकडा, बघून हे कळत नाही, कारण तो सगळी अक्षरं सारखीच मोजतो, पानभर मजकूर बरोबर आणि नेमकं नाव चुकलेलं असलं तरी आकडा छानच येतो. 'जसंच्या तसं लिही, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक' असं प्रॉम्प्टमध्ये सांगून थोडा फरक पडतो, पण भरवसा ठेवण्याइतका नाही, निदान माझ्या कागदांवर तरी.

दुसरं म्हणजे हस्ताक्षराची टूल्स प्रत्येक ओळ पानावर नेमकी कुठे आहे ते पेज एक्सएमएल किंवा आल्टो फाइलमध्ये देतात, म्हणून शोधलेली ओळ मूळ स्कॅनवरच दाखवता येते आणि वाचणारा स्वतः पडताळून बघतो. चॅटमधून सहसा नुसता मजकूर मिळतो.

ट्रान्सक्रिबस क्रेडिटवर चालतं, म्हणजे पानागणिक क्रेडिट खर्च होतात, ते नको असेल आणि सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर ईस्क्रिप्टोरियम ओपन सोर्स आहे.

एआय मॉडेल मी सोडलेलं नाही. मजकूर उतरवून झाला की विषयाचे टॅग, सारांश, भाषांतर यासाठी ते फार उपयोगी पडतं, फक्त हे सगळं वेगळ्या फील्डमध्ये ठेवतो, मूळ ट्रान्सक्रिप्शनला हात लावू देत नाही.

तुमच्याकडे थोडीच पानं असतील आणि प्रत्येक वेगळ्या हातची, तर ट्रेनिंगचा खटाटोप परवडायचा नाही, तिथे एआय घ्या आणि नावं, तारखा स्कॅनशी जुळवूनच अपलोड करा. एकाच हातच्या वह्याच्या वह्या असतील तर मात्र मी ट्रान्सक्रिबसच घेईन.